३५ वर्षांनी आलेला दुसरा अल्बम

मागच्या महिन्यात रात्री कोड लिहीत बसलो होतो आणि प्लेलिस्टवर देवेंद्र बॅनहार्टचं एक गाणं लागलं. २००४ च्या 'रिजॉइसिंग इन द हँड्स' या अल्बमचं शीर्षकगीत. याला म्हणतात सायकेडेलिक फोक. गिटार लोकगीतासारखी साधी, पण ऐकताना अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. त्यात एक बाई गातात, अगदी कुजबुजल्यासारखं. म्हटलं, या कोण?

या वॅश्टी बन्यन, इंग्लंडच्या. १९६८ मध्ये त्या चक्क घोडागाडीने स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाल्या. वाटेत गाणी सुचत गेली. १९७० मध्ये 'जस्ट अनदर डायमंड डे' आला. त्यात इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचे रॉबिन विल्यमसनही वाजवतात. पण अल्बम खपलाच नाही. बाईंनी गाणं सोडलं, मुलं वाढवली.

२००० मध्ये तो पुन्हा निघाला आणि नव्या पोरांनी उचलून धरला. बॅनहार्टने तर पत्र लिहून त्यांचा सल्ला मागितला. २००५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, 'लुकआफ्टरिंग'. तब्बल ३५ वर्षांनी! त्यात जोआना न्यूसमची हार्प आहे.

खरं सांगू? माझी गिटार तीन वर्षं कपाटावर पडून होती. का, तर माझ्या गाण्याला फक्त चाळीस व्ह्यूज आले होते. काल तिच्या तारा बदलल्या.

तुम्ही आधी १९७० चा अल्बम ऐका, मग २००५ चा. आणि कुणाचं गाणं आवडलं, तर त्याला तसं कळवा. भेटू पुढच्या भागात!