पोरांची शाळा जंगलातही भरू द्या
(गडचांदूर येथील बैठकीत केलेले भाषण)



हक्काच्या बैठकीत आम्ही पोरांच्या शाळेचं काय काढलं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या मते ही दोन वेगळी कामं नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक दावा करायचा तर काय लागते? गावाची जुनी हद्द, निस्ताराच्या जागा, ढोराच्या वाटा, पेनठाणे. सयान्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा नियमात पुरावा धरला आहे. हे सारं बुढ्या माणसांच्या डोक्यात आहे. लिहिता येते पोरांना. पण आश्रमशाळेतलं पोरगं वर्षातले किती दिवस गावात राहते? बुढा गेला की नाल्याचं नावही त्याच्यासंगं जाते. मग मोकापाहणीला साहेब आले तर हद्द कोण दाखवणार?

आमच्या भागात जमिनीखाली चुनखडी आहे. म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीला सिमेंटचे कारखाने आले. चुनखडी कुठे आहे याचे नकाशे सरकारजवळ आहेत. मोह कुठे, झरा कुठे, पेनठाणा कुठे, हा नकाशा आपण केला तरच होईल.

शाळेत 'परिसर अभ्यास' हा विषय आहेच. पर्यावरण शाळेत शिकवा, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं. तेव्हा गुरुजींनी हे बाहेरचं काम समजू नये. पैसाही लागत नाही. आम्ही चार कामं सुचवतो.

पहिलं, अंगणात नकाशा. राखेने वाट, चुन्याने नाला, हळदीने शेत, कोळशाने हद्द. पोरं काढतील, बुढे चुका सांगतील. जमलं की कागदावर उतरवायचं.

दुसरं, पानांचे ठसे. पानाला गेरू लावून कागदावर दाबायचं. खाली गोंडी, कोलामी आणि मराठी, तिन्ही भाषांतलं नाव लिहायचं. रंग पळसफुलं उकळूनही निघतो.

तिसरं, दोरीचा चौकोन. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. आत किती जातीची रोपं ते मोजायचं. एक चौकोन मिश्र जंगलात, एक सागाच्या रोपवनात. मोह, तेंदू, चार, आवळा, बेहडा कुठे सापडतात ते पोरांनीच सांगावं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून आपल्याकडे पाला पेटवतात. आग पसरली की लहान रोपं जळतात. तिथेही एक चौकोन टाका. पोरांनी मोजलेला आकडा ग्रामसभेत वाचला तर कोणाला भाषण द्यावं लागणार नाही.

चौथं, वर्षाचं चाक. मोठं गोल काढून बारा महिने पाडायचे. कोणत्या महिन्यात मोह, कधी तेंदूपान, झरा कधी आटतो, हे चित्राने भरायचं. दरसाल केलं की बदल दिसतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. त्या गावाने अभ्यासगट करून आपलं जंगल आणि कायदा दोन्ही समजून घेतले. निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आधी अभ्यास होता, म्हणून हक्क मिळाल्यावर कारभार करता आला. कायद्याच्या कलम ५ ने जंगल, जनावरं आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. उद्या तो कारभार आजच्या पोरापोरींनाच करायचा आहे.

एक सावधगिरी ठेवा. औषधी झाडाची जागा बाहेर जाणाऱ्या कागदावर लिहू नका. पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे, तोही याच कायद्यात. मूळ चित्रं ग्रामसभेच्या फाईलीत राहू द्या, नक्कल वनहक्क समितीला द्या.

आमचं मागणं एवढंच. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या. महिन्यातला एक शनिवार पोरं जंगलात जातील, संगं गुरुजी आणि दोन सयानी माणसं, त्यात एक बाई हवीच. कंद, भाजी, फळ यांची खरी जाण बायांनाच आहे. आश्रमशाळेतली पोरं सुट्टीत आली की त्यांनाही घ्या. शाळा तयार नसेल तर रविवारी गावाने न्यावं. नेताना पाणी आणि काठी घ्या, वाघाच्या वाटेला जाऊ नका, दिवस मावळायच्या आत परत या.

जंगल आपलं आहे हे कागदावर लिहून मिळेल. ते ओळखणारी माणसं मात्र आपल्यालाच घडवायची आहेत.

जय सेवा!