घरचे शिवणयंत्र आणि अर्धी वाकळ



या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, वेदान्त अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज सुई-दोरा घेऊन आपल्यासमोर उभे आहोत. विषय घरगुती शिवणाचा, शिवणयंत्राच्या निगेचा आणि वाकळीचा. 'हे बायकांचे काम. यात पुरुषाने काय सांगावे?' असे कोणाच्या मनात आले असेल, तर याच समजुतीपायी आमच्या घरी काय नुकसान झाले ते ऐकावे. आजचे व्याख्यान निम्मे माहितीचे आणि निम्मे कबुलीजबाबाचे आहे.

प्रथम यंत्राविषयी. हाताने शिवताना सबंध सुई कापडातून आरपार जाते आणि पलीकडून परत येते. यंत्राने हे करायचे कसे, हा मोठा पेच होता. अमेरिकेत १८४६ साली इलायस हाउ याने ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाशी होते आणि कापडाखाली दुसरा दोरा होता. सुई खाली जाऊन जराशी वर उठली की दोऱ्याचा फास पडतो, त्या फासात खालचा दोरा अडकतो आणि टाका बसतो. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगरने आपले पेटंट घेतले आणि हळूहळू हे यंत्र कारखान्यातून घरात आले. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीदेखील १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या टीकेतून अपवाद केले होते. माणसाचे काम हिरावून न घेता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र, म्हणून त्यांना त्याचे कौतुक. आपल्याकडे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेथेही शिक्षणाच्या जोडीला शिवणकामाला स्थान मिळाले. ज्या बाईच्या हाती शिवण, तिच्या हाती चार पैसे, हे त्या पिढीने ओळखले होते.

आमच्या आईनेही ते ओळखले होते. घरी पायाने चालवायचे काळे यंत्र होते. वडिलांच्या पगारात महिना पुरा पडत नसे. शेजारणींची पोलकी आणि मुलांचे गणवेश शिवून आई शेवटचा आठवडा निभावून नेई. आमच्या कॉलेजची फी त्याच यंत्रावर निघाली. घरातल्या इतर कामांना आम्ही हात लावत नसू, पण यंत्राला तेल घालणे तेवढे आमच्याकडे होते. एकदा बाटली संपली. आई म्हणाली, "अरे, येताना मशीनचे तेल घेऊन ये." आम्ही कंटाळा केला, स्वयंपाकघरातले गोडेतेल घातले आणि 'घातले' म्हणून सांगितले. एकदा खपून गेले म्हणून पुढे तीच सवय पडली.

यंत्र जड होत गेले. टाके सुटू लागले, कापडाखाली दोऱ्याची जाळी होऊ लागली. आम्ही म्हणालो, "आई, आता तुझा पाय थकला." तिलाही ते खरे वाटले. मोठ्या नातवासाठी घेतलेली वाकळ अर्धी शिवून तिने ट्रंकेत ठेवली आणि यंत्रावर झाकण घातले. दोन वर्षांनी आम्ही ते भंगारवाल्याला द्यायला काढले. जिन्यात गल्लीतले एक वृद्ध शिंपी भेटले. त्यांनी यंत्र तिथेच कलते करून पाहिले, बोट लावून हुंगले आणि म्हणाले, "मशीन चांगली आहे. हिला कोणीतरी खायचे तेल पाजले आहे."

त्यांनी सुईखालची पट्टी काढली. दात्यांत कापसाचा कचरा नमद्यासारखा घट्ट बसला होता. तो काढून त्यांनी सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडले, रात्रभर तसेच ठेवले, सकाळी पुसून खरे तेल घातले. यंत्र पूर्वीसारखे पळू लागले. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. आईने आमच्याकडे एकदा पाहिले, बोलली काहीच नाही. पण तोवर काचबिंदूने तिची दृष्टी बरीच नेली होती. ती दोन वर्षे आम्ही तिला कोठून परत देणार?

म्हणून जे उशिरा शिकलो ते सांगतो. यंत्राला यंत्राचेच पातळ तेल घालावे. खाद्यतेल हवेने चिकट होते आणि सांधे धरते. रोज शिवण असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक छिद्रात एक थेंब पुरे. मग चिंधीवर चार टिपा माराव्यात, म्हणजे जादा तेल टिपले जाते. दात्यांतला कचरा ब्रशाने काढावा. फुंकर मारू नये, तिने तो आत जातो. यंत्र विजेचे असेल तर आधी पिन काढावी. पट्टा सैल झाला की चाक घसरते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडावा. सुई बोथट झाली किंवा वाकली की टाके सोडते. तिचा नंबर मोठा तशी ती जाड : तलम कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, जाडसर कापडाला १६ किंवा १८. आणि कापडाखाली जाळे झाले की लोक बॉबिनची डबी पिळत बसतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. फूट वर उचलूनच दोरा ओवावा, म्हणजे चकत्या उघड्या असतात. गोंधळ खाली दिसतो आणि त्याचे मूळ वर असते. हा नियम शिवणयंत्रापुरताच आहे की कसे, ते श्रोत्यांनी ठरवावे.

आता वाकळ. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याच्या चार सारख्या घड्या केल्या की पावणेसात फूट लांबी होते, म्हणजे पाय पसरून निजण्यापुरती. आत जुनी धोतरे, विटकी लुगडी; जितके धुतलेले तितके मऊ. थरांच्या मध्ये कोंडलेली हवा ऊब देते आणि धावदोरा थरांना जागेवर धरतो. आत सुटा कापूस नाही म्हणून गोळे होत नाहीत. विहिरीवर धुवा, उन्हात टाका. हाताने शिवताना वाकळ जमिनीवर पसरून कडेकडेने आत शिवत जातात. यंत्रावर मात्र मधून बाहेर जावे. कारण दाते खालचा थर पुढे ओढतात, फूट वरचा मागे धरते आणि चुण्या पडतात. आधी मोठे कच्चे टाके घालावेत, फुटाचा दाब कमी करावा, टीप लांब ठेवावी.

ती अर्धी वाकळ शेवटी आम्ही पुरी केली. यंत्रावर नव्हे, हातानेच, आईजवळ बसून. चार-चार बोटांचे टाके पडले, पंधरा वेळा उसवले. पुरी झाल्यावर तिच्या मांडीवर ठेवली. तिने कडेपासून बोटे फिरवीत आणली आणि एका जागी थांबली. म्हणाली, "इथवर माझे. इथून पुढे तुझे." मग जरा थांबून म्हणाली, "आता तेल कुठले आणतोस?"

श्रोतेहो, आपल्या घरी झाकण घातलेले यंत्र असेल, तर आज घरी गेल्यावर ते उघडून पाहावे. आणि ते चालवणारीला 'तुझा पाय थकला' असे म्हणण्यापूर्वी, तेल घालणाऱ्याने आपला हात हुंगून पाहावा.