ग्रंथांची मालकी आणि ग्रंथांचा उपयोग

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथ कोणाच्या घरी आहेत, यापेक्षा ते कोणाच्या हाती पडतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या विचारासाठी आज आपण सतराव्या शतकातील इंग्लंडकडे वळू या.

तेथे उमरावांच्या खालोखाल जमीनजुमला बाळगणारा एक प्रतिष्ठित वर्ग होता. त्यास ‘जेंट्री’ म्हणत. परगण्याचा कारभार बव्हंशी याच वर्गाकडे असे. स्थानिक दंडाधिकारी या नात्याने तंटे ऐकणे, गरिबांविषयीच्या कायद्याची अंमलबजावणी करणे, ही कामे हे लोक करीत. त्यांतील अनेकांना कायद्याचे सखोल शिक्षण नसे. म्हणूनच मायकेल डाल्टन यांच्या १६१८ साली निघालेल्या ‘द कंट्री जस्टिस’ या मार्गदर्शिकेला मोठी मागणी आली. बायबल व धर्मोपदेश यांच्या जोडीला कायदा आणि इतिहास हे विषय या घरांतून आढळतात, ते केवळ हौसेपोटी नव्हे. मात्र मृत्यूनंतर मालमत्तेची मोजदाद करणारे पुष्कळदा ग्रंथांची नावे न लिहिता ‘पुस्तकांचा गठ्ठा’ एवढीच नोंद करीत!

केंट परगण्यातील सर एडवर्ड डेरिंग यांची खर्चाची वही मात्र बोलकी आहे. ५ डिसेंबर १६२३ रोजी त्यांनी शेक्सपिअरच्या एकत्रित नाटकांच्या दोन प्रती दोन पौंडांना घेतल्याची नोंद तीत आहे. या विख्यात ग्रंथाच्या खरेदीची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद होय.

ग्रंथसंग्रह हे सामर्थ्यही होते. सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहातील जुन्या दस्तऐवजांचा आधार पार्लमेंटचे सभासद घेत असत. राजा पहिला चार्ल्स याला हे रुचले नाही. एका वादग्रस्त हस्तलिखिताचे निमित्त होऊन १६२९ मध्ये ते ग्रंथालय बंद करण्यात आले. ते पूर्ववत खुले होण्यापूर्वीच, १६३१ मध्ये, कॉटन निवर्तले. त्यांचा संग्रह १७०२ मध्ये राष्ट्राच्या स्वाधीन झाला. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश म्युझियमचा तो एक पाया ठरला. मॅग्ना कार्टाच्या १२१५ च्या उपलब्ध चार प्रतींपैकी दोन याच संग्रहातील आहेत.

शेवटी एका गृहिणीविषयी. स्टॅफर्डशायरमधील फ्रान्सिस वुल्फ्रेस्टन (१६०७–१६७७) आपल्या पुस्तकांवर ‘हे माझे पुस्तक’ अशा अर्थाचे शब्द स्वहस्ते लिहीत. विद्वानांनी क्षुद्र मानलेली स्वस्त नाटके व पुस्तिका त्यांनी जपल्या. शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्याच्या १५९३ च्या पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत उरली आहे. ती या बाईंचीच. मृत्युपत्रात त्यांनी आपली पुस्तके स्टॅनफर्ड या मुलास दिली. परंतु भावंडांनी वाचावयास मागितल्यास ती द्यावीत आणि त्यांनी ती परत करावीत, अशी अटही घातली.

नाव घालून मालकी सांगणाऱ्या या बाईंनी मालकीबरोबर देवघेवीचे कर्तव्यही वारशात दिले. राजाने दार बंद केले. एका आईने ते आपल्या घरापुरते उघडे ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहावा आणि तो वाचकापर्यंतही जावा, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी सांभाळणे म्हणजेच ग्रंथालय चालविणे. कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्या आपणा सर्वांना याचा विसर न पडो, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.