दान केलेला दिवा विझतो तेव्हा

(म्हसा, तालुका मुरबाड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या टेबलावर अकरा सोलर दिवे आहेत. सगळे तुम्हीच आणलेत. काही कब्रस्तानाच्या वाटेवरचे, एक वजूखान्याजवळचा, दोन शेजारच्या ठाकूरपाड्यावरचे, उरलेले अंगणातले. एकही पेटत नाही. फेकायला काढलेला दिवा घेऊन या, एवढंच मी कळवलं होतं. इतके येतील असं वाटलं नव्हतं.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं काहीतरी करावं असं वाटतं. पूर्वी कुणी पाण्याची टाकी द्यायचं, कुणी मशिदीला पंखा, चटया. आता सोलर दिवे देतात. खांबाला किंवा जमिनीत खोचायचे, वायर नाही, बिल नाही. चांगली गोष्ट आहे. याला सदका-ए-जारिया म्हणतात. जारी म्हणजे चालू असलेलं. देणारा गेला तरी ज्याचा उपयोग थांबत नाही असं दान. आणि तो दिवा दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंद पडतो. वाटेनं जाणारा प्रत्येक जण म्हणतो, माल खराब निघाला. मग कुणीतरी आणखी बारा दिवे द्यायला पुढे येतं. जुन्या बारांमध्ये बारा सेल घालायला कुणी पुढे येत नाही. एक सेल शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. पण सेलवर मरहूमचं नाव लिहिता येत नाही, ही खरी अडचण आहे.

अंधाराचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. मगरीबनंतर मय्यत उचलली तर कब्रस्तानाची वाट मोबाइलच्या उजेडात चालावी लागते. पावसाळ्यात त्या गवतात फुरसं असतं. मण्यार तर रात्रीच हिंडते. पाड्यावरच्या बाईला रात्री घराबाहेर पडायचं असेल तर तिच्यासाठी तो एक दिवा म्हणजे शोभेची वस्तू नाही. शहापूर तालुक्यातून तानसा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. मोठ्या गोष्टींसाठी भांडावं लागतं, भांडूच. पण हा दिवा आपल्या हातातला आहे.

आता तो उघडू या. मागे तीन-चार स्क्रू असतात. आत काय दिसतं? वरच्या काचेखाली छोटं पॅनेल, एक पेन्सिल सेल, बोटभर पट्टी आणि एक एलईडी. बस. दिवसा पॅनेल सेल भरतं. अंधार पडला हे कळायला वेगळा डोळा सहसा नसतो. पॅनेलकडून वीज येणं थांबलं की पट्टीवरचा चार पायांचा काळा तुकडा समजतो की रात्र झाली, आणि दिवा लावतो. सेल सव्वा व्होल्टचा, पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. मधली चढण त्या तुकड्याशेजारची छोटी गुंडाळी चढवून देते. म्हणून सेल थेट एलईडीला लावून पाहू नका. एलईडी चांगला असला तरी पेटणार नाही आणि तुम्ही उगाच त्याला मेलेला ठरवाल.

पहिली तपासणी तळहाताची. बटण चालू आहे ना बघा, नव्या दिव्यात सेलखाली प्लास्टिकची पट्टी राहिली नाही ना बघा, मग पॅनेल तळहातानं पूर्ण झाका. पेटला तर दिवा चांगला आहे, जागा चुकली आहे. वजूखान्याजवळच्या या दिव्याचं तेच झालंय. त्याच्या डोक्यावर पंचायतीचा रस्त्यावरचा दिवा आहे. बिचाऱ्याला रात्र झालेलीच कळत नाही. त्याला फक्त चार हात बाजूला सरकवायचं.

उलट तक्रारही येते, की दिवा दिवसाही जळतो. लोकांना वाटतं, वा, जोरदार आहे. तो जोरदार नाही, आंधळा झालाय. पॅनेलची वायर तुटली की त्याला कायमची रात्र वाटते आणि सेल भरतही नाही. ठाकूरपाड्यावरच्या एका दिव्याची लाल वायर अशीच सुटली आहे. सोल्डरिंगचा एक टाका मारला की झालं.

पण बहुतेक वेळा दोष सेलचाच असतो. हा सेल रोज भरतो, रोज रिकामा होतो, तोही उन्हात तापलेल्या डब्यात. वर्ष-दोन वर्षांत थकतो. संध्याकाळी दहा मिनिटं पेटून विझला तर समजा, सेल गेला किंवा भरतच नाही. मल्टीमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवा. दिवसभर उन्हात ठेवलेल्या सेलवर संध्याकाळी सव्वा ते एक पूर्णांक चार व्होल्ट दिसायला हवेत. एकच्या खाली असेल तर सेल काढून नुसतं पॅनेल उन्हात मोजा. दोन व्होल्टच्या वर दाखवत असेल आणि वायरी शाबूत असतील तर पॅनेलवर शंका नको, सेल बदला.

बदलताना दोन गोष्टी. घड्याळातला साधा पेन्सिल सेल घालू नका. तो परत भरायचा नसतोच, भरायला गेलात तर गळतो आणि पट्टी खाऊन टाकतो. रिचार्जेबलच घ्या, वर एनआयएमएच असं छापलेलं असतं. दुसरी गोष्ट, दुकानदार सांगेल की सहाशेच्या जागी दोन हजारांचा सेल घाला, तिप्पट उजेड मिळेल. मिळत नाही. सेल म्हणजे हंडा, पॅनेल म्हणजे झरा. असलं पॅनेल भर उन्हात पन्नास मिलिअँपिअर देत असेल तर सहा तासांत तीनशे भरणार. हंडा मोठा केला म्हणून झरा वाढत नाही. पैसे घालायचेच तर पॅनेल धुवायच्या फडक्यात घाला.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. हमीद दलवाईंनी १९७० साली तोच शब्द मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या नावात घेतला. त्या शब्दाचा मला दिसणारा सगळ्यात सोपा अर्थ हा मीटर आहे. माल खराब, नजर लागली, कुणीतरी मुद्दाम बिघडवला, असं म्हणण्याआधी दोन टोकांना दोन तारा लावायच्या आणि आकडा वाचायचा.

सेलच्या स्प्रिंगवर हिरवी-पांढरी पूड दिसली तर ती गळतीची आहे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसानं लावा, ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पॉलिश पेपर मारा. पॅनेलवरचं प्लास्टिक पांढुरकं झालं असेल तर टूथपेस्टनं घासा, धुऊन वाळवा आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्या. हसू नका, भाबी, हे चालतं. डबा सिलिकॉननं बंद करताना खालचं बारीक भोक मात्र बुजवू नका. आपल्याकडचा पाऊस वरून अडवला तरी आत दमट होतंच, ते पाणी खाली निघायला वाट हवी. जूनमध्ये ऊन संपलं की अंगणातले दिवे काढून बटण बंद करून घरात ठेवले तर जास्त टिकतात. वाटेवरचे काढता येत नाहीत. त्यांचे सेल दिवाळीच्या आधी तपासायचे, असं ठरवून टाका.

भिंतीवरच्या मोठ्या दिव्यांत लिथियम सेल असतो. तिथे हात जपून. काहींवर ३.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर ३.७. दिसायला जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा घालायचा नाही. फुगलेला सेल उघडायचा नाही, टोचायचा नाही, त्यावर थेट सोल्डर करायचं नाही. आणि कुठलाही सेल चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बरणीत साठवा, पुरेशा झाल्या की देऊ. खांबावरचे पंचायतीचे दिवे आपण उघडायचे नाहीत. त्यांच्या करारात देखभालीची अट आहे का, किती वर्षांची, ते ग्रामसभेत वाचून घ्या. वाचून दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहे.

आता हे करणार कोण? मुंबईच्या आयआयटीनं शाळकरी मुलांसाठी दहा लाख सोलर दिव्यांचा प्रकल्प केला. महाराष्ट्रासह चार राज्यांत, मुलानं फक्त १२० रुपये द्यायचे. मला त्यातलं दिव्यापेक्षा दुसरंच आवडलं. दिवे गावातल्या लोकांकडूनच जोडून घेतले. ज्यानं जोडला त्याला उघडता येतो. दान देताना आपण हे विसरतो. बारा दिव्यांबरोबर एक शिकलेला माणूस दिला नाही तर आपण बारा डबे दिलेत.

आणि मी माणूस म्हणतोय, पण मला बाई म्हणायचंय. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांची संस्था आहे, बेअरफूट कॉलेज, १९७२ पासूनची. तिथे देशोदेशींच्या निरक्षर बायका सहा महिन्यांत सोलर जोडणी-दुरुस्ती शिकतात, रंग आणि खुणांवरून. त्यांच्यावर २०१२ सालचा 'सोलर मामाज' नावाचा माहितीपट आहे. त्यातली रफिया जॉर्डनमधल्या बदाऊनी वस्तीतली, चार मुलींची आई, नवऱ्याची दुसरी बायको. ती शिकायला तिलोनियाला आली आणि मागून नवऱ्याची धमकी आली, परत ये, नाहीतर तलाक देतो, मुली घेऊन जातो. ती परत गेली. आणि पुन्हा आली, शिकून गेली. १८ एप्रिल १९६६ ला हमीदभाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत तेव्हाच्या सचिवालयावर गेले, त्यात जबानी तलाकविरुद्धची मागणी होती. त्याच धमकीचा धाक इथे एका स्क्रू ड्रायव्हरसाठी घातला जातो. बाईच्या हातात हत्यार आलं की चार पैसे येतात आणि तिला घराबाहेर बोलावणं येतं, हे नवऱ्याला आपल्याआधी कळलेलं असतं.

म्हणून आज एकच मागणी. प्रत्येक गावातून निदान दोन बायका, एक पाड्यावरची. सामान एका डब्यात मावतं: मल्टीमीटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची दांडी, पॉलिश पेपर, सिलिकॉन आणि दहा सेल. सेलचे पैसे मयताच्या नावानं द्यायचे असतील तर द्या, वहीत नाव लिहू. मजुरी मात्र घ्यायची. फुकट केलेलं काम पहिल्या सणानंतर बंद पडतं.

सकाळपासून सात दिवे उघडून झालेत. चार सेलचे निघाले, एक वायरीचा, एक जागेचा, आणि एकाच्या पट्टीला गंज इतका चढलाय की त्याचं फक्त पॅनेल आपण ठेवून घेऊ. चार अजून बंद आहेत. ज्यांनी आजवर स्क्रू ड्रायव्हर हातात धरलेला नाही त्यांनी पुढच्या सतरंजीवर या. आपा, तुम्हीच सुरू करा, तो हिरव्या टोपीचा घ्या. आधी तळहात.