टाच दुखतेय? जुने बूट घेऊन जा

लंडन मॅरेथॉनचा सराव करताय आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते? दुखणं अंगावर काढू नका. पोडायट्रिस्टला, म्हणजे पावलांच्या तज्ज्ञाला दाखवा. जाताना धावण्याचे जुने बूट न्या. तळ कुठे झिजलाय, पोटरी किती आखडलीय, आठवड्याचं अंतर एकदम वाढवलंत का, हे सगळं ते तपासतात. मग व्यायाम, टेपिंग, गरज असेल तरच इनसोल. मात्र हाडावर एकाच जागी बोट ठेवताच दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि लगेच दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कुणी स्वतःला पोडायट्रिस्ट म्हणवू शकत नाही. आधी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या ऑनलाइन यादीत नाव पाहा.