पहिलें धातुशोधक यंत्र

विमानतळावर किंवा मोठ्या देवालयाच्या दरवाजाशीं जी चौकट आपण ओलांडतों, ती खिशांतल्या किल्ल्यांची चुगली करते, हें आपणां सर्वांच्या अनुभवाचें आहे. त्याच कुळांतलें, पण हातांत धरून जमिनीवरून फिरवावयाचें असें एक यंत्र आहे; त्यास मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, असें म्हणतात. इंग्लंडांत सुटीच्या दिवशीं नांगरलेल्या शेतांतून कानांवर हेडफोन चढवून सावकाश चालणारीं माणसें दिसतात, तीं या यंत्राचीं भक्त होत. तिकडे शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या आपल्या मंडळींच्या मनांत हा छंद भरला, तर नवल नाहीं. यंत्र तर हवें, पण पैसा बेताचा. अशा वेळीं पहिलें यंत्र कोणतें घ्यावें, या एका प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

यंत्राचें मर्म अवघड नाहीं. दांड्याच्या टोकास तारेच्या वेटोळ्यांची एक चपटी तबकडी असते. तिच्यांतून दर सेकंदास कांहीं हजार वेळां दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह खेळतो व जमिनींत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतो. तें क्षेत्र एखाद्या नाण्यापर्यंत पोंचलें कीं नाण्याच्या अंगांत लहान लहान भोंवरे-प्रवाह उठतात. त्यांचें उलट क्षेत्र तबकडींतल्या दुसऱ्या वेटोळ्यास जाणवतें आणि कानांत आवाज येतो. लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच, कीं यंत्रास धातूचें नांव कळत नाहीं. वस्तूचा आकार, जाडी व विद्युत्वाहकता यांमुळें येणारें उत्तर किती मागें पडतें, एवढेंच तें मोजतें. म्हणून चांदीचा जाड रुपया व लोखंडी खिळा यांचे आंकडे यंत्राच्या पडद्यावर दूरदूर पडतात. परंतु सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आंकडे पुष्कळदां एकाच घरांत येतात. 'आमचें यंत्र कचरा वगळून फक्त सोनेंच दाखवितें' असें जो दुकानदार सांगेल, त्यास नमस्कार करून पुढें चालूं लागावें.

या विद्येचा इतिहासहि हाच धडा देतो. १८८१ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली. शरीरांत ती कोठें रुतली आहे हें शोधण्यासाठीं, टेलिफोनचा जनक म्हणून विख्यात झालेला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलें नवें यंत्र घेऊन आला. यंत्राचें तत्त्व बरोबर होतें. पण बिछान्यांत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि गोळी उजव्या अंगास आहे अशी डॉक्टरांची ठाम समजूत असल्यामुळें त्यांनीं तेवढीच बाजू तपासूं दिली. गोळी निघाली ती डावीकडे, तीहि अध्यक्षांच्या मृत्यूनंतर. पुढें अमेरिकेंत गेर्हार्ड फिशर यास १९३७ सालीं अशा यंत्राचें पेटंट मिळालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत पोलिश अधिकारी कोसाट्स्की यानें रचलेलीं सुरुंगशोधक यंत्रें १९४२ सालीं एल् अलामीनच्या रणांगणावर कामास आलीं. यंत्रें सुधारत गेलीं. परंतु आजूबाजूला आणखी कोणता धातु आहे व आपण योग्य जागीं पाहतों आहों कीं नाहीं, हे दोन प्रश्न माणसासच विचारावे लागतात.

तेव्हां खरेदीचा पहिला प्रश्न पैशाचा नसून भूमीचा आहे. आपण हिंडणार कोठें? इंग्लंडांतील साध्या शेतजमिनींत व बागांत एका कंपनसंख्येवर चालणारें साधें यंत्र उत्तम काम देतें. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास चालणारें यंत्र चांदीतांब्याच्या व मोठ्या वस्तूंस चांगलें जागतें. १५ किंवा २० च्या पुढचें बारीक सोन्यास अधिक जागतें. नवशिक्यास यांच्या मधलें बरें. समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी. खाऱ्या पाण्यानें भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहते आणि एका कंपनसंख्येचें यंत्र तेथें उगाच ओरडत सुटतें. ज्यांचा ओढा किनाऱ्याकडे आहे, त्यांनीं एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरणारें यंत्र पाहावें. असलीं यंत्रें पूर्वी महाग असत. परंतु ऑस्ट्रेलियांतील माइनलॅब कंपनीनें २०१९ सालीं व्हॅन्क्विश नांवाचीं यंत्रें आणल्यापासून तीं मध्यम खिशाच्याहि आटोक्यांत आलीं आहेत. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडांत चुंबकीय लोहखनिज असतें, आणि कोंकणचा जांभा तर लोहानें लालच झालेला आहे. अशा भूमींत जमिनीचा स्वतःचा आवाज दाबून टाकण्याची सोय, जिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, ती हातानें फिरवितां येणारी असावी.

दुसरा प्रश्न शरीराचा. यंत्राचें वजन सव्वा-दीड किलो म्हणजे कांहींच नव्हे, असें दुकानांत वाटतें; तें तीन तास डावी-उजवीकडे झुलविल्यावर खांदा खरें काय तें सांगतो. म्हणून घेण्यापूर्वीं यंत्र हातांत धरून दहा मिनिटें झुलवून पाहावें. दांडा आपल्या उंचीस बेतां यावा, तबकडी पाण्यांत बुडाली तरी बिघडूं नये, आणि हेडफोन जोडण्याची सोय असावी. एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. खोलीच्या जाहिरातींस भुलूं नये. नाण्याएवढी वस्तु साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतच नीट बोलते, मग यंत्र कोणाचेंहि असो.

आतां पैसा. समजा, जवळ ३०० पौंड आहेत. ते सगळे यंत्रावर उधळणें हें अव्यवहारीपणाचें होईल. २०० पौंडांच्या आसपास यंत्र घ्यावें आणि उरलेल्या रकमेंत तीन वस्तु घ्याव्या: खड्ड्यांतील वस्तूची नेमकी जागा दाखविणारी लहान कांडी, जिला पिनपॉइंटर म्हणतात, हिरवळीचा तुकडा न फाटतां उचलणारें बळकट खुरपें, आणि साधे हेडफोन. कांडी नसेल तर माणूस खड्डा रुंद करीत बसतो, शेतकरी रागावतो, आणि दुसऱ्या दिवसाचें दार बंद होतें. नांवाजलेल्या कंपनीचें जुनें यंत्र, चालवून पाहून, घेण्यांतहि कमीपणा नाहीं. २००९ सालीं स्टॅफर्डशरमधील एका शेतांत टेरी हर्बर्ट यास अँग्लो-सॅक्सन काळचा जो अपूर्व सुवर्णसंचय सांपडला, त्याची किंमत तज्ज्ञांनीं सुमारें ३३ लक्ष पौंड ठरविली. आणि त्याचें यंत्र अडीच पौंडांस घेतलेलें जुनेंपुराणें होतें, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. अर्थात् त्यावरून अडीच पौंडांत भाग्य मिळतें असें कोणीं समजूं नये. यंत्राच्या किंमतीवर भाग्य अवलंबून नसतें, इतकेंच समजावें.

एका जातीच्या वस्तूपासून मात्र सर्वस्वीं दूर राहावें. हातांत धरलेली कांडी आपोआप वळून शेंकडों हातांवरचें सोनें दाखविते, असें सांगणारे विक्रेते सर्व देशांत आहेत. जेम्स मॅकॉर्मिक या इंग्रजानें एडीई ६५१ नांवाचें असेंच एक उपकरण इराकला बॉम्ब शोधण्यासाठीं म्हणून विकलें. त्यांत शोधणारें असें कांहींच नव्हतें. त्याच्या भरंवशावर नाक्यांवर पहारे उभे राहिले! २०१३ सालीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादानें घरें बुडालीं आहेत, व त्यापायीं अघोरी कृत्यें करणाऱ्यांस २०१३ च्या महाराष्ट्र कायद्यानें शिक्षा सांगितली आहे. आशेनें आंधळ्या झालेल्या माणसास कांडी आणि मंत्र यांतला भेद दिसत नाहीं.

यंत्राबरोबर फुकट मिळणारी, पण सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे कायद्याची माहिती. इंग्लंडांत जमिनीच्या मालकाची परवानगी आधीं घ्यावी लागते. संरक्षित प्राचीन स्थळीं विशेष अनुमतीवांचून यंत्र फिरवितां येत नाहीं. ३०० वर्षांहून जुनी आणि निदान शेंकडा १० भाग सोनें वा चांदी असलेली वस्तु सांपडल्यास ती १९९६ च्या कायद्याप्रमाणें १४ दिवसांच्या आंत कॉरोनर या अधिकाऱ्यास कळवावी लागते; त्यांत नाणीं असतील तर तीं निदान दोन असावीं लागतात. स्कॉटलंडांत नियम निराळे, आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत तर परवान्यावांचून प्राचीन वस्तूंचा असा शोध करणें हाच गुन्हा आहे. हिंदुस्थानांत १८७८ चा निखातनिधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडला तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणें बंधनकारक आहे. गड, लेणीं, देवळें यांच्या संरक्षित परिसरांत तर खुरपें लावूंच नये. २०२५ च्या मार्चमध्यें 'छावा' हा चित्रपट पाहून सोन्याच्या आशेनें बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरांतील शेतें लोक रात्रीं विजेऱ्या व धातुशोधक यंत्रें घेऊन खणूं लागल्याच्या वार्ता आल्या. सोनें मिळो न मिळो, अशा खणण्यानें मातीचे थर एकदां उलटेपालटे झाले, कीं त्यांत लिहिलेला इतिहास पुन्हां कोणासहि वाचतां येत नाहीं.

याच्या उलट १९९२ सालचें सफोकमधील हॉक्सन गांवचें उदाहरण पाहा. एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधण्यास एरिक लॉज नांवाचा गृहस्थ यंत्र घेऊन गेला, आणि त्यास सोन्याचांदीचीं रोमन नाणीं लागलीं. थोड्या वस्तु काढल्यावर त्यानें हात आंवरला व अधिकाऱ्यांस कळविलें. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं बाकीचा ठेवा जागच्या जागीं, थरांथरानें काढला. म्हणून सुमारें १५,००० नाण्यांबरोबर तो लांकडी पेटींत कसा रचून ठेविला होता, हेंहि जगास कळलें. हातोडाहि सांपडला, आणि आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत आहे.

तेव्हां, श्रोतेहो, यंत्र घरीं आल्यावर प्रथम अंगणांत एक नाणें, एक खिळा, एक डब्याची कडी व एक जुनी अंगठी निरनिराळ्या खोलीवर पुरून आठवडाभर त्यांचे आवाज ओळखण्यास शिकावें. पहिले सहा महिने आवाज येईल तेथें, परवानगीच्या जमिनींत, कचराहि खणावा. कान तयार होण्याचा दुसरा मार्ग नाहीं. प्रत्येक खड्डा बुजवावा आणि निघालेला कचरा घरीं आणावा. सहा महिन्यांनंतरहि गोडी टिकली, तर महाग यंत्राचा विचार खुशाल करावा; आणि न टिकली, तर बेताच्या किंमतीचें चांगलें यंत्र विकावयास फारसें नुकसान सोसावें लागत नाहीं.