मोटारीच्या रंगावरील लहानसा घाव

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग चाकण, मंचर व नारायणगांव यांवरून आळेफाट्यास पोंचतो. तेथें त्याला कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गें येणारा रस्ता मिळतो. ओझर व लेण्याद्री येथील गणपतीच्या दर्शनास निघालेलीं कुटुंबें, भीमाशंकरचे यात्रेकरू आणि नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो नेणारे शेतकरी या सर्वांचीं वाहनें जुन्नर-आंबेगांवच्या याच वाटांनीं धांवतात. याच महामार्गावर चाकण येथें २००९ सालापासून मर्सिडीज-बेंझ मोटारींचा कारखाना आहे. परंतु पुढील मालट्रकच्या चाकाखालून उडणाऱ्या काळ्या खडीला मोटारीची किंमत ठाऊक नसते. एक खडा बॉनेटवर आदळतो आणि तांदळाच्या कणीएवढा टवका उडतो.

अशा वेळीं मालकाच्या हातून दोन परस्परविरुद्ध चुका होतात. कोणी ‘एवढ्याशा टवक्यानें काय होणार’ असें म्हणून स्वस्थ बसतो. कोणी बेचैन होऊन सबंध बॉनेट नव्यानें रंगवून घेतो. पहिल्या चुकीनें पत्रा धोक्यांत येतो, दुसऱ्या चुकीनें कारखान्यांतील मूळ रंग गमावला जातो.

हें समजण्यास रंगाची रचना पाहिली पाहिजे. मोटारीचा रंग हा एकच थर नव्हे. पोलादी पत्र्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. त्यावर विजेच्या साह्यानें बसविलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एकदोन केंसांइतकीच भरते. गंजरोधक थर बसल्यावर मोटारीचा नुसता सांगाडा सुमारें १८० अंश सेंटिग्रेडच्या भट्टींत भाजतात. त्या वेळीं त्यांत गादी नसते, रबर नसतें, विजेच्या ताराही नसतात. रस्त्यावर आलेल्या मोटारीला पुन्हां तेवढी धग देतां येत नाहीं. दुरुस्तीच्या ठिकाणची भट्टी साधारणतः ६० अंशांच्या आसपास चालते. तेथील कुशल कारागीर देखणें काम करतो, यांत संशय नाहीं; तथापि त्याला मूळचा थर घासावा लागतो व त्यावर निराळ्या जातीचा रंग चढवावा लागतो. पुढें मोटार विकावयास काढली असतां जाडी मोजणारें लहानसें यंत्र ही गोष्ट तत्काळ उघड करतें. म्हणून घाव लहान असेल तर उपायही घावाएवढाच असावा.

प्रथम घावाची खोली पाहावी. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावें. नख अडलें नाहीं आणि पाणी लावतांच ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा केवळ पारदर्शक थरास झाली आहे. तेथें सौम्य पॉलिश पुरे. परंतु पॉलिशनेंही तो थर झिजतो, म्हणून तें वारंवार करूं नये. आंत राखाडी प्रायमर दिसला तर रंग लावणें इष्ट. चकाकता अथवा तांबूस पत्रा दिसला तर विलंब नको. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तो गंजत नाहीं, तेव्हां तेथें घाईचें कारण नाहीं. कांहीं किंमती मोटारींचें बॉनेट ॲल्युमिनियमचें असतें. त्यावर तांबडा गंज येत नसला, तरी रंगाखालीं पांढरट भुकटी धरून फोड येऊं शकतात.

मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालीं रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. त्यावरूनच रंगाची कुपी घ्यावी. मोटार सावलींत उभी करून घाव धुवावा, पुरता वाळवावा व आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून मेणाचा व तेलाचा अंश काढावा. गंज असल्यास बारीक पॉलिशकागदाच्या टोंकानें तेवढाच खरवडावा. उघड्या धातूवर प्रायमरचा ठिपका द्यावा. तो वाळल्यावर अतिबारीक कुंचल्यानें किंवा दांतकोरण्याच्या काडीनें रंगाचे पातळ थर द्यावे. एक वाळल्याखेरीज दुसरा देऊं नये. शेवटीं पारदर्शक थर किंचित् उंच राहील असा द्यावा. आठवडाभर थांबून तो उंचवटा २००० क्रमांकाच्या ओल्या कागदानें हळुवार समतल करावा व मग पॉलिश द्यावें. मात्र ज्या मोटारीचा रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असतो, तिला घासूं नये व पॉलिशही लावूं नये. तेथें नको ती चकाकी येऊन डाग कायम होतो.

या भागांत ऋतूचाही विचार हवा. जुन्नर व आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत, माळशेज व भीमाशंकरच्या बाजूस, पावसाळ्यांत हवा सतत दमट असते. ओलसर घावावर रंग लावला तर पाणी आंतच कोंडलें जातें. म्हणून पावसाळ्यांत टवका उडाल्यास तो कोरडा करून त्यावर तात्पुरती पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि उघडीप मिळतांच काम उरकावें. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामास सर्वांत अनुकूल.

इतकें करूनही ठिपका जवळून दिसणारच. धातूच्या सूक्ष्म कणांनीं चमकणाऱ्या रंगांत तर तो अधिक दिसतो. कारण फवाऱ्यानें ते कण एका तऱ्हेनें बसतात, कुंचल्यानें दुसऱ्या. पण त्यांत कमीपणा मानूं नये. घाव कोणाच्या दृष्टीस पडूं नये हा या उपचाराचा मुख्य हेतु नव्हे. पत्र्यापर्यंत पाणी पोंचूं नये हा आहे. दोन हात अंतरावरून जो दिसत नाहीं आणि पुढच्या पावसाळ्यांत ज्याच्या कडेला तांबूस रेघ उमटत नाहीं, तो ठिपका आपलें काम चोख बजावीत आहे असें समजावें.